रिकामं ऐकणारी शेवंती

शेवंती घाडी आमच्या कंपनीत रिकामं ऐकण्याचं काम करते. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. बहुतेकांना वाटतं, या बाईला नेहमीसारखी थट्टा सुचली आहे. थट्टा मला सुचतेच, पण हे शंभर टक्के खरं आहे.

मी मृणालिनी वर्तक, राहणार ठाकूरद्वार. एकोणतीस वर्षं एका शिपिंग कंपनीत कागद केले. ती बंद पडली तेव्हा घरी बसून भाज्या निवडण्यापेक्षा पुन्हा कागदच करू म्हटलं आणि लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या गाळ्यात येऊन चिकटले. इथे काय बनतं ते मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. न कळता मी डिस्पॅचचे कागद बिनचूक करत होते, यावरून आमच्या कारकुनी पिढीची तयारी ध्यानात यावी.

बनतात ते मायक्रोवेव्हचे भाग. मायक्रोवेव्ह म्हटल्यावर मला आधी जेवण गरम करायचा डबाच आठवला. पण हे उपग्रहाशी बोलणाऱ्या अँटेनांचे भाग. वीतभर लांबीची, दोन बोटं रुंद, मधे कोपरासारखी वळलेली अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी. तिच्या आत लहान लहान खोल्या, प्रत्येक खोलीला अरुंद दार. पूर्वी अशी नळी दोन फाकांत कोरायची आणि स्क्रूने जोडायची. जोड आला की तिथून गळती आली. आमची मालमत्ता म्हणजे एक प्रिंटर. त्यात रांगोळीपेक्षा बारीक धातूची पावडर पातळ थरात पसरते, लेसर हवी तेवढीच वितळवतो, मग वर पुन्हा थर, पुन्हा लेसर. असे हजारो थर झाले की पावडरीच्या ढिगातून अखंड नळी निघते. जोड नाही, स्क्रू नाही. फक्त एक अडचण. अखंड नळी उघडून बघता येत नाही आणि प्रिंटरमधून निघते तेव्हा तिच्या पोटात न वितळलेली पावडर ठासून भरलेली असते. ती शेवटच्या कणापर्यंत बाहेर काढावी लागते. बारीक कॅमेऱ्याची तार घालून बघतात, पण ती दुसऱ्या दारापुढे जात नाही.

इथे शेवंती येते.

ती आली होती झाडू मारायला. भोईवाड्याच्या चाळीत वाढलेली, मूळ गाव मालवणकडचं, वडील बुधाजी घाडी गिरणीत साचे म्हणजे माग चालवायचे. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि मी विचारलं नाही अशा जगात फार थोड्या गोष्टी आहेत. चार वर्षांपूर्वी वैदेही, म्हणजे आमची डिझाइन इंजिनिअर, एक नळी ठोकून ठोकून साफ करत होती. केर काढता काढता शेवंती थांबली आणि म्हणाली, "अजून आहे आत."

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"आवाज येतोय ना. भरल्या डब्याचा वेगळा, रिकाम्याचा वेगळा."

वैदेहीला काही ऐकू आलं नव्हतं. तिने उगाच खात्री म्हणून आणखी ठोकलं, तर चिमूटभर पावडर कागदावर पडली. शेवंतीने हे आईकडून उचललं होतं. तिची आई तांदूळ पाखडताना डोळे मिटायची आणि सुपातला खडा आवाजावरून काढायची. महिन्याभरात शेवंतीला स्वतःचं टेबल मिळालं. मास्क, हातमोजे, लाकडी मोगरी, शतांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि वजनं लिहायची वही. मोगरीचा हलका ठोका, नळी कानाशी, पुन्हा ठोका, थोडी तिरकी, पुन्हा कान. शेवटी "रिकामं" म्हणाली की ते रिकामंच असायचं.

तिला मात्र एका गोष्टीने छळलं होतं. इतक्या मेहनतीने रिकाम्या केलेल्या या नळीतून जातं तरी काय? जेवणाच्या सुट्टीत ती वैदेहीला धरून बसायची.

"लहरी जातात, मावशी."

"दिसत नाय, ऐकू येत नाय, मग तिला नळी कशाला लागते गो?"

वैदेही दादरची, मराठी माध्यमाची, समजावून सांगायची हौस असलेली. ती म्हणाली, "खूप वेगवेगळ्या लहरी एकदम येतात. आपल्याला हवी तेवढीच पुढे सोडायची, बाकीच्या परत पाठवायच्या. चाळणी समजा. पण हिला भोकं नाहीत."

"मग चाळतं काय?"

"आतल्या खोल्यांची मापं. रिकाम्या जागेचा आकार."

शेवंतीने पोळीचा घास तसाच हातात धरला. विचार करून म्हणाली, "म्हणजे आपण रिकामं विकतो." मग माझ्याकडे वळली. "ताई, तुमी कागदावर तसं लिहीत नाय ना?" मी म्हटलं, लिहिलं तर कस्टमवाले मला आत घालतील.

यंदाच्या दसऱ्याआधी वैदेहीचा सात खोल्यांचा फिल्टर प्रिंटरमधून निघाला. तीन वर्षं ती या एका नळीमागे होती. आमचे मालक हितेंद्र सर, माणूस वाईट नाही पण घाईने बनवलेला. त्यांचं म्हणणं, हे असलं वळणाचं अखंड काम होणार नाही, आपण आपलं जुनं दोन फाकांचं करावं. वैदेही हट्टाला पेटली होती. बंगळूरहून गिऱ्हाइकाचा माणूस शुक्रवारी बघायला येणार होता. पीस एकच, दुसरा छापायला एक आठवडा. शेवंतीने दीड दिवस त्याला कानाशी धरून साफ केलं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी चार वाजता वहीत वजन लिहिलं, "१४८.३६, रिकामं." मग प्रिंटरपुढे पूजा झाली, नारळ फुटला, पेढे खाऊन आम्ही घरी गेलो.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर टेस्ट रूममध्ये स्मशानशांतता. नळी यंत्राला जोडली की पडद्यावर एक रेघ उमटते. चांगल्या फिल्टरची रेघ मधे सपाट पठारासारखी असते. वैदेहीच्या पठाराची एक कड खचली होती आणि मधे खड्डा पडला होता. तिने तीनदा नळी काढून तीनदा लावली, रेघ तशीच.

हितेंद्र सर म्हणाले, "एक तर आत पावडर राहिली असेल, नाही तर छापताना छत खचलं असेल. पावडर असेल तर मावशींचा कान गेला. मी पावडर झटकायचं मशीन मागवतो, त्यांना पॅकिंगला बसवतो. छत खचलं असेल तर तुझं डिझाइन गेलं. कापून बघू. दोन वाजता वायरकटला पाठवा."

वैदेहीने नळी यंत्रावरून काढून शेवंतीच्या टेबलावर आणून ठेवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शेवंतीला हे कळलं तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझा कान गेला? मी रिकामं म्हटलं म्हणजे रिकामं." नळी घेऊन तिने ठोकलं, कानाशी धरलं, उलटी केली. गप्प. आत काहीच हलत नव्हतं. "बघा ताई, आहे आवाज?" मला कधीच नसतो, पण मी मान हलवली.

पुरावा म्हणून तिने नळी काट्यावर ठेवली. काटा म्हणाला, १४८.३९.

तिने वही उघडली. पुन्हा काटा बघितला. नळी पुसली, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. १४८.३९.

"ताई, हे वाढलं कसं?"

"काट्याची चूक असेल."

"काटा बरोबर आहे. पावडर असती तर आधीपण असती, तेव्हाच्या वजनात आली असती. पावडर बाहेर जाते, आत येत नाय. चार वाजल्यानंतर कायतरी आत गेलं." ती स्वतःशीच बोलायला लागली आणि तसं झालं की तिच्या तोंडी गाव येतो. "ह्यां खयसून इलां?"

मी डबा उघडून बसले होते. मला भूक लागली होती आणि तीन शतांश ग्रॅमची काळजी करण्याइतकी मी इंजिनिअर नाही. पण शेवंतीचा हात एकदम थांबला. तिने उजव्या हाताची तीन बोटं जुळवली, चिमूट केल्यासारखी, आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"अक्षता," ती म्हणाली.

गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची. सगळे साच्यावर हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. बुधाजी घाडी मात्र ओल्या कुंकवात माखलेल्या अक्षतांपैकी एक दाणा मुद्दाम साच्याच्या आत टाकायचे. त्यांचं म्हणणं, यंत्राच्या पोटात एक दाणा गेला की ते वर्षभर उपाशी राहत नाही. एवढ्या मोठ्या लोखंडी साच्याला एका तांदळाचं काय? शेवंती लहानपणी वडिलांबरोबर दसऱ्याला गिरणीत जायची, तेव्हापासून तिच्या हाताला ती सवय. आमची मोठी पूजा आटोपल्यावर तिने आपल्या टेबलाची पूजा केली होती. एकटीनेच. मोगरीला कुंकू, काट्याला कुंकू, ब्रशला फूल. आणि टेबलावर तो नवा पीस होता.

"मी टाकला असं आठवत नाय. पण मी टाकल्याशिवाय राहिले नसेन." तिने बोटं पदराला पुसली. "ओला दाणा आत चिकटला. चिकटलेला वाजत नाय."

भिंतीवर सूचना होती: तयार पीसच्या टेबलावर खाण्याच्या किंवा पूजेच्या वस्तू आणू नयेत. ती मीच टाइप केली होती, खाली हितेंद्र सरांची सही.

आता इथे मी जे केलं ते सांगते. मला हिशेब झटकन जमतात. वायरकट मशीन तारेने धातू कापतं आणि तो काप पाण्याच्या झोतात होतो. नळी कापली की तो दाणा वाहून जाणार, कुणालाही दिसणार नाही. आत पावडर सापडणार नाही, म्हणजे शेवंतीचा कान खरा. टेबल तिचं तिच्याकडे. हे सगळं मी तिला दोन मिनिटांत समजावलं आणि वर म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला? गप्प बस. मी काही ऐकलं नाही."

शेवंतीने विचारलं, "मग पोरीचं काय?"

"तिचं काय?"

"पावडर नाय सापडली म्हणजे सर म्हणणार, डिझाइन चुकलं. तिने तर बरोबर केलंय."

मी म्हटलं, वैदेही तरुण आहे, शिकलेली आहे, दुसरं काहीतरी बनवील. तू पन्नाशी ओलांडलेली, पॅकिंगच्या बाकावर दिवसभर खोक्यांना टेप लावशील.  शेवंतीने हात धुतले, पदर खोचला, नळी उचलली आणि टेस्ट रूमकडे गेली. चार वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी फाइल हातात घेऊन मागोमाग गेले. काळजीने गेले असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे काय होतं ते बघायला गेले.

आत हितेंद्र सर उभे होते आणि वैदेही वायरकटवाल्यासाठी चित्र काढत होती, कुठून कापायचं याचं.

"सर, कापू नका," शेवंती म्हणाली. "आत पावडर नाय. डिझाइनपण चुकलेलं नाय. आत माझी अक्षता आहे."

हितेंद्र सरांना तो शब्द तिथे ऐकायची सवय नसावी. तिने सगळं सांगितलं, वडिलांच्या साच्यापासून. वही उघडून दोन वजनं दाखवली. वैदेहीने वही ओढून घेतली आणि आकडे दोनदा वाचले. "तीन शतांश. तांदळाचा दाणा आणि वरचं कुंकू. बरोबर!" ती ओरडलीच.

"निघेल?" सरांनी विचारलं.

"कुंकू पाण्यात कालवलं होतं. पाण्यानेच सुटेल," शेवंती म्हणाली.

वैदेहीने शुद्ध पाणी कोमट केलं. नळी भरून दहा मिनिटं तशीच ठेवली, मग पाणी ओतलं. ते फिकट गुलाबी आलं. दाणा आला नाही. शेवंतीने नळी कानाशी धरली, डोळे मिटले आणि हलकेच तिरकी केली. पुढची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. ती नळीला एका बाजूने कलवायची, थांबायची, बोटाने टिचकी मारायची.

"सुटला. चौथ्या खोलीत होता, वळणातच." टिचकी. "दाराला अडकला." नळी उलट्या अंगाने फिरवली. "हां, तिसरीत आला." जगातली सगळी शहाणी यंत्रं त्या खोलीत होती आणि दाणा कुठे आहे हे फक्त या बाईला माहीत होतं. "दुसरीत... परत गेला मेला... आला." शेवटी तिने नळी सरळ उभी धरली, मोगरीच्या दांड्याने एकदाच ठोकलं, आणि पांढऱ्या कागदावर फुगलेला, लालसर तांदूळ पडला.

नळी ओव्हनमध्ये वाळवून चार वाजता पुन्हा यंत्राला लावली. शेवंती दाराकडे निघाली होती, तिला वैदेहीने हाताला धरून पडद्यापुढे उभं केलं. रेघ आली. दोन्हीकडून कडा चढत गेल्या, मधे सपाट पठार, तीन वर्षं वैदेहीने कागदावर काढलं होतं तसं.

"एका दाण्याने एवढं?" शेवंती पडद्याला नाक लावून बघत होती. घडीभर ती आपलं संकट विसरलीच. "पण तांदूळ काय धातू नाय."

"धातू नसला तरी लहर तांदळातून जाताना रेंगाळते, मावशी. मग तिला ती खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटते. एक खोली बिघडली की सातही बिघडल्या."

"रेंगाळते," शेवंती म्हणाली. तिला ते पटलं असावं. चाळीच्या जिन्यात एक जण रेंगाळला की सगळ्यांची वाट कशी अडते हे तिला ठाऊक होतं.

हितेंद्र सरांना पीस वाचल्याचा आनंद झाला होता आणि त्याच जोरावर आता त्यांना राग आला. "सूचना भिंतीवर आहे. वाचता येते ना? हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाय. मी एकटीच," शेवंती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी फाइल छातीशी धरून उभी होते. तोंड उघडायला मला अर्धं मिनिट मिळालं होतं आणि मी ते फाइलच्या नाडीची गाठ बघण्यात घालवलं.

"उद्यापासून पॅकिंग," सर म्हणाले. वैदेही भांडली. तिने कान, आकडे, प्रामाणिकपणा सगळं काढलं. सर म्हणाले, नियम म्हणजे नियम, आज तांदूळ उद्या झेंडू.

शुक्रवारी बंगळूरचा माणूस आला, रेघ बघून खूश झाला, बारा नगांची मागणी देऊन गेला. कागद मी केले. शेवंती पॅकिंगच्या बाकावर खोक्यांना टेप लावत होती. जेवायला ती माझ्याशेजारी नेहमीसारखी बसली, सोलकढीची बाटली पुढे केली, आणि त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने टोमणा मारला असता तर मी परत मारला असता, मला ते येतं. तिने मारला नाही.

चौथ्या दिवशी मी पॅकिंगला गेले. म्हटलं, "शेवंती, मी तिथे बोलायला हवं होतं. मलाही माहीत होतं. मीच तुला गप्प बस म्हटलं."

"तुमी बोलला असतात तर दोघीपण इथे बसलो असतो," ती टेप तोडत म्हणाली. "मग कागद कोणी केले असते? पीस इथेच पडून राहिला असता."

तिने मला माफ करून टाकलं होतं. मला ते सहन झालं नाही. मी सरळ हितेंद्र सरांच्या केबिनमध्ये गेले, दार न ठोठावता.

"सर, त्या दिवशी मला माहीत होतं. तिच्या आधी मला कळलं असतं तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. दाणा पाण्यात वाहून जाईल, तुझं टेबल वाचेल, गप्प बस, असं मी तिला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "तिचं टेबल वाचत होतं? मग ती बोलली कशाला?"

"वैदेहीचं काम बरोबर होतं म्हणून."

पावडर झटकायच्या मशीनचं कोटेशन त्यांच्या समोरच पडलं होतं. ते उचलून म्हणाले, "सोमवारी बारातले पहिले तीन नग निघतात. मशीन आणलं तर ते झटकेल. पण झटकून झालं, हे मला कोण सांगणार?" ते मला विचारत नव्हते. "त्यांना टेबलावर बसायला सांगा. आणि वर्तकबाई, तुमच्याशी मी नंतर बोलतो."

मी जिना उतरून पॅकिंगला गेले आणि शेवंतीला सांगितलं, सोमवारपासून टेबल तुझं. मला वाटलं, ती हसेल, निदान हातातली टेप तरी खाली ठेवील.

तिने माझा दंड धरला. "तुमी वर जाऊन सांगितलात? कशाक सांगितलात, ताई? आता तुमका काय करतील?"

मी सत्तावन्न वर्षांची बाई, खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभी राहून रडले, आणि तिने मला रडू दिलं.